दारावरच्या दोन रेघा

१० मे

आज मी खुशीत आहे. असं लिहायची वेळ रोज येत नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

ही वही घरोघरी आया पुरवणाऱ्या आमच्या ब्यूरोची. पुढच्या पानांवर पेशंटचं बीपी, नाडी, खाणं, लघवी, औषधं लिहायची आणि प्रत्येक गोष्टीपुढे वेळ घालायची. ब्यूरो चालवणाऱ्या यशोदाबाई म्हणतात, वेळ न घातलेली नोंद म्हणजे नुसत्या गप्पा. वहीची मागची पानं कोणी उघडत नाही. ती माझी.

घर छान मिळालंय. सानपाड्याहून रिक्षाने दहा मिनिटं, खाडीला लागलेलं जुनं आगरी गाव. गावाची भातखाचरं आणि मिठागरं शहराने गिळली आणि त्या जागी अशा तीन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. आमच्या इमारतीचं नाव ‘गिरजा छाया’. देवीचं असेल किंवा घरातल्या कुणा म्हातारीचं. तळमजल्यावर बाबा, म्हणजे माझे पेशंट तुळशीराम, वय शहाऐंशी, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. पहिल्या मजल्यावर त्यांचा मुलगा पंढरीशेठ आणि सून मालतीबाई. सगळ्यात वर महापेच्या कंपन्यांत जाणारी भाडेकरू मुलं. नातू प्रीतम तळोज्याला राहतो, नव्या कॉम्प्लेक्समध्ये, नवव्या मजल्यावर.

माझी खाट बाबांच्याच खोलीत, खिडकीपाशी. खिडकीतून खाडी दिसते. मी माण तालुक्यातली, टँकरच्या रस्त्याकडे डोळे लावून मोठी झालेली. एवढं पाणी एका जागी बघून मी दोन मिनिटं खुळ्यासारखी उभीच राहिले. मालतीबाईंनी आल्या आल्या बोंबलाचं कालवण वाढलं आणि म्हणाल्या, टेन्शन घेऊ नका पुतळाताई, तुमी आता घरच्याच.

मनस्वीला फोन केला. वीस तारखेला दहिवडीला जाऊन तिला घेऊन यायचं आणि जूनपासून इथल्या शाळेत आठवीत घालायचं. मागची छोटी खोली मालतीबाईंनी आपण होऊन देऊ केली. तीन वर्षं मी पोरीला फोनवरूनच वाढवतेय. आजीने ताकभात भरवायचा आणि मी इकडून विचारायचं, जेवलीस का. आता दहा दिवस राहिले.

बाबांचं बीपी १६६/९४. जास्त आहे, पण वयाच्या मानाने चालतंय.

१२ मे

बाबांचा त्रास काही नाही. अंग पुसताना लाजतात, पेज आवडीने पितात आणि उरलेला वेळ मोजत बसतात. पंढरी एक, मालती दोन, वरची पोरं तीन-चार-पाच. मग बोट माझ्यापाशी येऊन अडतं आणि विचारतात, ही घरची का बाहेरची? माझं नाव पुतळा असं रोज सांगते. ते मला ‘ब्यूरोची बाय’च म्हणतात.

सकाळी साडेनऊला रस्त्याने कोणीतरी पत्र्याचा डबा वाजवत गेलं. भंगारवाला असेल. बाबांचं लंगोट त्याच मिनिटाला ओलं. ९:३० अशी नोंद केली.

१३ मे

समुद्रात वादळ आहे म्हणे. टीव्हीवर नकाशावर पांढरा भोवरा फिरवून दाखवतात. पंढरीशेठ हसले. म्हणाले, दरवर्षी बोलतात, शेवटी गुजरातला जातं.

बाबा मात्र हसले नाहीत. वादळ अमावास्येच्या उधाणाला गाठणार का, एवढंच त्यांनी विचारलं. मी कॅलेंडर पाहिलं. सोळाला अमावास्या. मग त्यांनी मला आपल्या वेळची रीत सांगितली. दात नाहीत, शब्द सांडतात, तरी समजली.

खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाने मातीचा बांध घातलेला होता. मोठ्या उधाणाला तो फुटायचा, आणि फुटल्यावर पडलेल्या खिंडाराला इथे खांड म्हणतात. खांड बुजवायला गावातून माणसं जायची. घरामागं येक मानूस, बाबा म्हणाले. घरात मोठी माणसं किती, तेवढ्या गेरूच्या उभ्या रेघा दारावर काढायच्या. मग गावाचा माणूस डबा बडवत यायचा, प्रत्येक दारावरची एक रेघ ओल्या हाताने पुसायचा आणि एकाला सोबत न्यायचा. कोण जाणार ते घराने ठरवायचं. एकच रेघ असली तर त्या दारी डबा थांबायचा नाही. घरात दिवा लावायला कोणी नको का?

ऐकायला मला आवडलं. मग विचारलं, आता बांध कुठे आहे? त्यांनी समोरच्या डांबरी रस्त्याकडे बोट केलं.

आज डबा १०:१० ला वाजला. बाबांचं बीपी १७८/१००. लंगोट ओलं.

१४ मे

आता सगळ्यांची तोंडं उतरलीत. वादळ गुजरातकडे जात नाही, सतराला दुपारी इकडेच येतंय. वॉर्डाची गाडी भोंगा लावून फिरली. खाडीकाठच्या घरांनी शाळेत यावं किंवा नातेवाइकांकडे जावं.

रात्रीचं जेवण होईपर्यंत वर बैठक चालली होती. मला भांडी घासताना सगळं ऐकू येत होतं. पंढरीशेठ म्हणत होते, बाप उभ्या जन्मात गाव सोडून गेला नाही. प्रीतम फोनवरून सांगत होता की फ्लॅटची लिफ्ट स्ट्रेचर घेत नाही. मालतीबाई म्हणाल्या, बाबांना हलवलं तर बाबांनाच त्रास. कोणी वाईट बोललं नाही. प्रत्येकाला बाबांचीच काळजी होती, आणि त्या काळजीतून बाबांना इथेच ठेवायचं ठरलं.

मग मालतीबाई खाली आल्या, माझा हात हातात घेतला. आमी उद्या जातो, परवा सकाळी अॅम्ब्युलन्स येईल, हे बोललेत त्यांच्याशी, तुमी आणि बाबा तळोज्याच्या नर्सिंग होमला. तोवर तुमी आहात म्हणून आमी निवांत. घरच्या माणसासारख्या तुमी.

मी हो म्हटलं. छोटी खोली डोळ्यांपुढे होती.

डबा १०:५०. परवा साडेनऊ, काल दहा दहा, आज दहा पन्नास. हा भंगारवाला रोज चाळीस मिनिटं उशिरा का येतो?

१५ मे

गेले. टीव्ही, इन्व्हर्टर, मालतीबाईंच्या साड्यांच्या दोन पेट्या, कुत्रा, देव. देव्हारा रिकामा, आत फक्त निरंजनाची काजळी आणि तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूचा खडा. वरची मुलं कालच आपापल्या गावी पळाली. जिन्याला लोखंडी जाळी आहे, तिला कुलूप घातलं आणि किल्ली पंढरीशेठ खिशात टाकून गेले. मी किल्ली मागितली. म्हणाले, वर सामान आहे ना सगळं, उद्या तर निघतायच तुमी.

बाबांना कोणी सांगितलंच नाही. गाडीचा आवाज गेल्यावर त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि दोनावर थांबले. मग त्यांनी मला बजावलं. दारावर काय काढू नको, बाय. आपन दोघंच हाव.

डबा ११:३०. आज मी खिडकीशी उभी राहून वाट पाहिली. खाडीला भरती होती, पाणी रस्त्याच्या कडेला लागलं होतं. आवाज समोरून गेला, उजवीकडून डावीकडे. रस्ता रिकामा होता.

डबा वाजवणारा उशीर करत नाही. तो भरतीच्या वेळेला येतो. भरतीच रोज तेवढी उशिरा येते. हे मला माझ्याच नोंदींवरून कळलं. वेळ लिहायला लावलीत, यशोदाबाई.

१६ मे

अॅम्ब्युलन्स आली नाही. पंढरीशेठना अकरा फोन केले. दोनदा उचलला. एकदा म्हणाले, निघालीय. एकदा म्हणाले, नेटवर्क नाही, आणि त्यांच्यामागे टीव्हीवर वादळाच्या बातम्या स्पष्ट ऐकू येत होत्या.

यशोदाबाईंना विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, पेशंट टाकून आलीस तर ब्यूरोचं नाव जाईल, आणि राहिलीस तर तुझं तू बघ.

वारा वाढायच्या आत लंगोटं आणि औषधं आणायला बाहेर पडले. बाहेरून कुलूप लावलं. मला यायला तासभर लागला, निम्मी दुकानं बंद होती. परत येऊन पाहते तर दारावर लाल ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘रिकामे’. वॉर्डाची माणसं येऊन गेली होती. कुलूप बघितलं असेल, पंढरीशेठना फोन लावला असेल. आम्ही सगळे तळोज्याला आलोय, असं त्यांनी सांगितलं असणार. बापाला मागे ठेवलंय हे परक्या माणसाला सांगायची लाज वाटली असेल. लाज होती म्हणायची.

डबा १२:१०. तो आज आमच्या दारापर्यंत आला आणि पुढे गेला.

संध्याकाळी बाबा रडले. गिरजा कोण, ते आज कळलं. त्यांची विधवा भावजय. दोन वेळच्या जेवणावर घरात राबायची. साठ वर्षांपूर्वीच्या उधाणाला बाबांची बायको पंढरीशेठच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात मोठी माणसं दोनच, दारावर दोन रेघा. डबा आला तेव्हा बाबांनी डोक्यापर्यंत गोधडी ओढून घेतली. मला ताप हाय, तिला न्या. गिरजाबाई मातीची पाटी डोक्यावर घेऊन गेली. खांड बुजली. ती सापडली नाही.

खांड नेमकी कुठे पडली होती, असं विचारल्यावर बाबांनी बोट खाली केलं. आपल्या खाटेखाली.

तिच्या नावाची इमारत बांधली. बाबा म्हणतात, तिला छाया दिली. मला इतका राग आला की रात्रीची पेज मी त्यांच्यापुढे आदळली. मग सांडलेली पुसून घेतली, आणि उरलेली भरवली.

१७ मे, सकाळी ९

बीपी १९०/११०. लाइट गेले. फोनला एक काडी आहे, अधूनमधून.

नाक्यावर शेवटची बस उभी आहे, भोंग्यावर सांगतायत. मी पिशवी भरली. जाते. मला एक पोर आहे. बाबांना मुलगा आहे, नातू आहे, त्यांनी बघावं. बाबांना पाणी पाजलं आणि खोटं सांगितलं, माणसं घेऊन येते.

१०:१५

परत आले.

एक पाय बसच्या पायरीवर होता. तिथल्या वॉर्डाच्या मुलाला सांगितलं, घरात म्हातारा माणूस आहे. त्याने यादी पाहिली. आमच्या घरापुढे रिकामे. तो म्हणाला, तुम्ही बसा ताई, पथक बघेल. मी विचारलं, यादीत रिकाम्या घरात पथक कशाला बघेल? त्याने यादी मिटली. मग म्हणाला, दारावरचं ते पुसा आणि आत माणसं किती ते मोठं करून काढा, लांबून दिसेल असं. पथक बोट घेऊन फिरतंय, खूण बघून थांबतात. स्ट्रेचर आहे त्यांच्याकडे.

मी उतरले. यात चांगुलपणा काही नाही. सकाळपासून त्यांचं लंगोट बदललेलं नव्हतं, ते डोक्यातून जाईना. बस गेली.

वळणावर पाणी घोट्यापर्यंत आलंय.

११

रॉकेल लावून ‘रिकामे’ खरवडून काढलं. लिहायला दुसरं काही नव्हतं, देव्हाऱ्यातला गेरू घेतला. ‘आत दोन माणसे’ असं लिहिलं, पावसाने लगेच वाहून गेलं. छज्ज्याखाली, दाराच्या फळीवर अगदी वर, कोरड्या जागी नुसत्या रेघा काढल्या. वीतभर लांब, ठळक. दोन.

काढून झाल्यावर हात तसाच राहिला. आठवलं.

बाबांना सांगितलं नाही. पुसायला गेले, तर मग पथक कशावर थांबणार? पुसलं तर जिवंत माणसं यायची नाहीत. ठेवलं तर —

ठेवलं. म्हाताऱ्याच्या गोष्टी या. मी बारावी शिकलेली बाई आहे.

१२:०५

पाणी उंबऱ्यावर. जिन्याची जाळी वरवंट्याने ठोकली, कुलूप हलत नाही. बाबांची खाट टेबलावर चढवायला दोन माणसं लागतात. विटा घातल्या, चार बोटं उंच झाली.

मनस्वीचा फोन लागला. आई, तिकडे पाऊस आहे का? मी म्हटलं, आहे थोडा. वीसला नक्की ना? म्हटलं, नक्की. फोन कट झाला.

१२:४०

वारा एकदम थांबला. पाणी खोलीत. त्याला मातीचा वास, समुद्राचा नाही. नुकत्या खणलेल्या मातीचा.

बाबांना दारावरचं कळलंय. मी बोलले नाही, तरी. सारखं विचारतात, किती काढल्यास, बाय? किती?

१२:५०

डबा.

समोरून येतोय. एकटा नाही. पाण्यातून चालणारी बरीच पावलं. पथक असेल. पथकच असणार, बोटीतून उतरून — मी ओरडले, इथे, दोन माणसं आहेत, दोन —

का ओरडले मी!

१२:५३

थांबला. आमच्या दारात.

ठोठावत नाहीत. ओल्या हाताने लाकडावर घासल्याचा आवाज. एकदाच, वरून खाली.

बाबा दाराकडे बघतायत. त्यांनी गोधडी ओढली. डोक्यापर्यंत. दोन वर्षं ज्या हाताने चमचा धरला नाही, त्या हाताने.

१२:५५

बाहेरून बाईचा आवाज आला. दमलेला. विचारलं, घरचं कोन येतंय?

मी म्हटलं, मी घरची नाही. ब्यूरोची आहे. पगारावर. मला सोडा, माझी पोर —

गोधडीतून बाबांनी उत्तर दिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. पुतळा घरचीच हाय, म्हणाले. मला ताप हाय.

१:०५

शांत. गेले वाटतं. दाराच्या फटीतून हात बाहेर घालून मोबाइलने रेघांचा फोटो काढला. एकच रेघ.

एकच आहे. म्हणजे गेले ना? घेऊन गेले कुणाला तरी. बाबांना. गोधडी काढून बघायला हवं.

१:१०

बाबा जिवंत आहेत. उठून बसलेत. स्वतः. गाल लाल. चहा मागतात. मोजतायत, एक. पुन्हा, एक.

बीपी १२०/८०. नाडी ७२. असं त्यांचं कधीच आलं नव्हतं. नोंद केली. वेळ घातली.

१:१४

पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आहे, हे दिसतंय. लागत नाही. गार लागत नाही.

पट्टा माझ्या दंडाला बांधला. फुगला. सुटला. काही आला नाही आकडा. यंत्र भिजलं असेल. बाबांना लावला, १२०/८०. पुन्हा मला. फुगला —

काही नाही.

दुसऱ्या दंडाला —

१:२०

दार उघडं आहे. मी नाही उघडलं. ती उभी आहे, माझ्याच वयाची आहे, एवढी तरुण असेल असं वाटलंच नव्हतं. डोक्यावर पाटी. दुसरी हातात. माझ्यापुढे धरलीय. तिच्यामागे रांग, सगळ्यांच्या डोक्यावर पाट्या. त्यांच्यात घरचं कोणी नसावं. कपड्यांवरून कळतं.

बाबा पुढच्या पानावर बोट ठेवून मला सांगतायत की चहाची नोंद राहिली.

मनस्वीला कोणीतरी सांगा. दहिवडी, स्टँडच्या मागे, आजीचं घर. सांगा की मी बसच्या पायरीवर होते. वीस तारखेला मी —